कामसू फोन

स्मार्टफोन बदलण्याची सांगायची कारणे वेगळी असतात आणि मनातली वेगळी. बॅटरी दुपारपर्यंत पुरत नाही, स्टोरेज भरले, बँकेचे ॲप जुन्या अँड्रॉइडवर उघडेना, ही सांगायची कारणे झाली. ती बहुधा खरीही असतात. मनातले कारण असे, की जुन्या फोनमध्ये मालक जसा आहे तसा साठलेला असतो आणि नव्या फोनमध्ये त्याला पहाटे उठणारा, पाणी मोजून पिणारा, मेलला त्याच दिवशी उत्तर देणारा एक माणूस दिसतो. ॲप स्टोअरमधला ‘उत्पादकता’ नावाचा विभाग याच माणसाच्या भरवशावर चालतो. ॲपलने १० जुलै २००८ रोजी ॲप स्टोअर उघडले तेव्हा त्यात सगळी मिळून सुमारे ५०० ॲप्स होती. आज नुसती कामांची यादी करून देणारी ॲप्स चाळायला बसले तरी आठवडा जातो, आणि त्या आठवड्यात यादीतले एकही काम होत नाही.

महाराष्ट्रात खरेदीला दसरा किंवा पाडवा बरा पडतो, कारण त्या दिवशी हप्त्यांनाही मुहूर्ताचे पुण्य लागते. खोक्यात चार्जर असेलच असे नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये आयफोन १२ बरोबर ॲपलने तो देणे बंद केले आणि कारण पर्यावरणाचे दिले. पुढे इतर कंपन्यांनाही पर्यावरण आठवले. मग ग्राहक त्याच काउंटरवर चार्जर वेगळा विकत घेतो आणि तो वेगळ्या खोक्यात येतो. जाहिरातीत ज्याची जाडी मिलिमीटरच्या दशांशात सांगितलेली असते तो फोन दुकानातून बाहेर पडण्यापूर्वीच काळ्या रबरी कव्हरात जातो. फोनचा रंग निवडण्यात घालवलेला अर्धा तास तेवढ्यापुरता वाया गेलेला असतो.

खरे प्रकरण सामान हलवण्यापासून सुरू होते. फोन विचारतो, जुन्या फोनमधले सगळे घ्यायचे की नव्याने सुरुवात करायची? नव्याने सुरुवात करण्याचा निश्चय दुकानापासून घरापर्यंत टिकतो. घरी आल्यावर सगळे घेतले जाते, कारण काय लागेल आणि काय नाही हे ठरवायला जुने सगळे बघावे लागेल, आणि ते बघायचे टळावे म्हणूनच तर नवा फोन घेतला. संपर्कयादीत ‘राजू प्लंबर’, ‘राजू प्लंबर नवीन’ आणि ‘राजू प्लंबर उचलत नाही’ असे तिघे जण असतात. तिघेही सुखरूप पोचतात.

व्हॉट्सॲप हा यातला अवघड डाग. अँड्रॉइडवर त्याचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो. काही वर्षे तो फुकटच्या १५ जीबीत धरला जात नसे. २०२४ पासून धरला जातो. त्यामुळे ‘शुभ सकाळ’चे गुलाब, भाचीच्या बारशाचे व्हिडिओ आणि कचेरीतले मेल एकाच खोलीत नांदतात आणि जागा संपली की मेलही अडतात. अँड्रॉइडवरून आयफोनवर जाणाऱ्याला हा बॅकअप कामाचा नाही. त्याला ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप लागते, आणि त्यासाठी आयफोन कोरा, म्हणजे अजून सुरू न केलेला असावा लागतो. ही सूचना स्पष्ट लिहिलेली असते. सूचना वाचण्याची वेळ मात्र फोन सुरू करून, चार सेल्फी काढून झाल्यावर येते, आणि मग तो पुन्हा कोरा करावा लागतो.

यूपीआयचे गणित याहून सोपे आहे. ते कोणी समजावून सांगत नाही एवढेच. २०१६ साली नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने ही सेवा आणली तेव्हापासून ती फोन आणि सिम या जोडीशी बांधलेली आहे. फोन बदलला की ॲप बँकेत नोंदवलेल्या क्रमांकावरून पुन्हा एक एसएमएस पाठवते. तो जाण्यासाठी सिम त्याच फोनमध्ये हवे आणि एसएमएस पाठवण्याइतका रिचार्ज हवा. सगळे संभाषण इंटरनेटवरून चालत असल्याने एसएमएसला पैसे पडू शकतात हे अनेकांना त्या दिवशी कळते. पिन जुनाच चालतो. विसरला असेल तर बहुधा डेबिट कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीची तारीख लागते, आणि ते कार्ड यूपीआय आल्यापासून कोणी पाहिलेले नसते. काही बँका फोन बदलल्यावर पहिला दिवसभर मोठी रक्कम पाठवू देत नाहीत. फसवणूक टाळण्यासाठी हे योग्यच आहे, पण टेम्पर्ड ग्लास लावणाऱ्या मुलाला ते पटवून देणे कठीण जाते.

सगळ्यात घट्ट गाठ दुहेरी सुरक्षेची. ‘तुमच्या दुसऱ्या फोनवर होय म्हणा’ असे मेलचे खाते सांगते तेव्हा दुसरा फोन एक्स्चेंजमध्ये देऊन, पुसून, दुकानदाराच्या खणात गेलेला असतो. सांकेतिक आकडे देणारे गूगल ऑथेंटिकेटर एप्रिल २०२३ पर्यंत ते आकडे फक्त त्या एका यंत्रात ठेवत असे. आता खात्याशी जुळवून ठेवता येतात, मात्र ती सोय आधी सुरू केलेली असावी लागते. तात्पर्य व्यवहाराचे आहे. जुना फोन निदान आठवडाभर हातातून सोडू नये. एक्स्चेंजची सवलत आजच संपते असे दुकानदार म्हणतो. ती पुढच्या सणालाही आजच संपत असते.

एवढे सोपस्कार झाले की उत्पादकतेला हात घातला जातो. या ॲप्सचा इतिहास पाहिला तर कामांपेक्षा यादीच आधी मरते असे दिसते. वंडरलिस्ट हे फार लाडके ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ साली विकत घेतले आणि ६ मे २०२० रोजी बंद केले. सनराइज हे कॅलेंडरही त्याच वर्षी घेतले आणि २०१६ मध्ये मिटवले. ड्रॉपबॉक्सने २०१३ मध्ये घेतलेले मेलबॉक्स २०१६ मध्ये गेले. गूगलचे इनबॉक्स २०१४ साली जन्मले आणि २०१९ मध्ये वारले. एव्हरनोट अजून हयात आहे. मात्र २०२३ च्या अखेरीस त्याने फुकट वापरणाऱ्यांना ५० टिपणांची मर्यादा घातली, तेव्हा हजारभर टिपणे साठवलेल्या लोकांना पहिल्यांदाच त्यातली कामाची किती आहेत हा प्रश्न पडला. या सगळ्या पडझडीत ‘नळ दुरुस्त करणे’ हे एकच काम एका ॲपमधून दुसऱ्यात आणि तिथून तिसऱ्यात जाते. प्रत्येक ॲपमध्ये त्याला नवा रंग, नवे लेबल आणि नवी शेवटची तारीख मिळते. नळ गळत असतो.

नव्या फोनवरच्या पहिल्या संध्याकाळी या कामाचे चार भाग पाडले जातात, त्यांना प्राधान्यक्रम दिला जातो, तातडीचे आणि महत्त्वाचे असा चौकोन आखला जातो. यात दोन तास जातात आणि मालकाला दिवसभर राबल्यासारखे समाधान मिळते. हेच समाधान ही ॲप्स विकतात. पहिले सात दिवस फुकट, मग वर्षाची वर्गणी खात्यातून आपोआप जाते. सातव्या दिवसाआधी वर्गणी रद्द करायची आठवण त्याच ॲपमध्ये लिहून ठेवलेली असते, आणि सातव्या दिवसापर्यंत ते ॲप उघडणे थांबलेले असते.

शिवाय आठवण वाजेलच असे नाही. अनेक स्वस्त अँड्रॉइड फोन बॅटरी वाचवण्यासाठी मागे चालू असलेली ॲप्स परस्पर बंद करतात. ‘बॅटरी’ आणि ‘ऑटोस्टार्ट’च्या सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला सूट द्यावी लागते, नाहीतर आठवण करून देणाऱ्यालाच झोपवले जाते. ही एक खरीच उपयोगाची माहिती आहे आणि ती खोक्यातल्या पुस्तिकेत नसते. चूक दर वेळी फोनचीच असते असेही नाही. वाजूनही न ऐकलेल्या आठवणींचा दोष बऱ्याच वेळा याच सेटिंगवर ढकलता येतो.

एकाग्रतेची ॲप्स हा वेगळा वर्ग. इटलीच्या फ्रान्चेस्को चिरिल्लो यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातले टोमॅटोच्या आकाराचे घड्याळ लावून २५ मिनिटे अभ्यास आणि पाच मिनिटे विश्रांती अशी पद्धत बसवली. घड्याळ साधे होते, चावी फिरवली की टिकटिकायचे, आणि त्यावर क्रिकेटचा स्कोअर येत नसे. तेच घड्याळ आता फोनमध्ये येऊन बसले आहे. फॉरेस्ट नावाच्या ॲपमध्ये फोनला हात लावला नाही तर पडद्यावर झाड वाढते आणि मध्येच दुसरे ॲप उघडले तर ते वाळते. झाड किती वाढले हे दर दोन मिनिटांनी उघडून बघणाऱ्यांचेही भाग्य थोर, कारण तेवढे ते ॲप चालवून घेते. २०१८ साली गूगल आणि ॲपल या दोघांनीही फोनचा वापर मोजणारी आणि मर्यादा घालणारी सोय दिली. मर्यादा संपली की पाटी येते, आणि ‘आजच्यापुरते दुर्लक्ष करा’ हे बटणही तिथेच असते. पाणी प्यायची आठवण करणाऱ्या ॲप्सबद्दल इतकेच म्हणता येईल, की तहान नावाची जुनी सोय शरीरात आधीपासून बसवलेली मिळते आणि तिला नोटिफिकेशनची परवानगी लागत नाही.

उपयोगी ॲप्स नाहीत असे मात्र नाही. ती कंटाळवाणी असतात एवढेच. ॲप किती वेळ उघडे राहते यावरून त्याची किंमत बऱ्यापैकी कळते. कामाचे ॲप उघडते, उत्तर देते आणि मिटते. मुंबईत एम-इंडिकेटर त्यातले. नेट नसतानाही पुढची लोकल कधी आहे हे ते सांगते आणि माणूस जिन्याकडे धावतो. २०१५ मध्ये सुरू झालेले डिजिलॉकर त्यातलेच. त्यातले लायसन्स आणि गाडीचे कागद मान्य करावेत असे केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने २०१८ मध्ये राज्यांना कळवले. चौकात ते दाखवताना नेट मिळाले की प्रश्न मिटतो. गूगल कीपमध्ये वाणसामानाची यादी नवराबायकोंना एकत्र ठेवता येते, आणि कीबोर्डचा माइक दाबून ती मराठीत बोलून लिहिता येते. पोहे, साबुदाणा, हिंग हे त्याला नीट कळते.

कागद स्कॅन करण्याची हकिगत तर बोलकी आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ चिनी ॲप्सवर बंदी घातली. चर्चा टिकटॉकची झाली, पण त्यात कॅमस्कॅनरही होते, आणि प्रवेश अर्जांपासून मेडिकल बिलांपर्यंत सारा देश त्यावर स्कॅन करत होता. मग शोधाशोध झाली आणि कळले की गूगल ड्राइव्हमध्ये, तसेच आयफोनच्या नोट्समध्ये ही सोय कधीची पडून आहे. नव्या फोनसाठी ॲप शोधायला निघण्यापूर्वी त्यात आधीच काय आहे हे पाहावे, हा सल्ला कोणी विकत नाही.

आणि भिंतीवर १९७३ सालापासून निघणारे कालनिर्णय असते. तारखेच्या चौकटीत दुधाचा खाडा आणि सिलिंडर लावल्याचा दिवस पेनाने लिहिलेला असतो. घरातल्या सगळ्यांना तो एकाच वेळी दिसतो. कालनिर्णयचेही ॲप आहे, पण त्यावर दुधाचा खाडा लिहिताना कोणी आढळत नाही.

राहिला जुना फोन. काच तडकलेली असली की एक्स्चेंजमध्ये त्याला कव्हराइतकीच किंमत येते, म्हणून तो बहुधा गावी वडिलांकडे जातो. देण्यापूर्वी त्यातून गूगलचे खाते काढावे. न काढता फोन पुसला तर तो पुढे त्याच खात्याचा पासवर्ड मागत अडून बसू शकतो. खाते काढले जाते, पण फोटो राहू देत म्हणून फोन काही पुसला जात नाही, आणि यादीचे ॲप वेगळ्या खात्याने उघडलेले असल्याने ते तसेच राहते. आता आठवणी वडिलांच्या खिशात वाजतात. वडील त्या सगळ्या वाचतात आणि रविवारी सकाळी फोन करून विचारतात, ‘‘अरे, त्या नळाचं काय झालं?’’ त्या दिवशी ‘राजू प्लंबर उचलत नाही’ हा पहिल्याच रिंगला उचलतो.