इतिहासकाका

सोसायटीतल्या पोरांनी त्यांचं नाव इतिहासकाका ठेवलं आणि काकांनी ते पदवी मिळाल्यासारखं स्वीकारलं. मूळचे साताऱ्याकडचे. नोकरी सिल्वासात, धाग्याच्या कंपनीत शिफ्ट इन्चार्ज, राहायला दादऱ्यात. गाडीच्या मागच्या काचेवर राजमुद्रा, मिशांना पीळ, आणि फोन वाजला की बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या, आवाजातलं गीतरामायण. सहा जूनला रायगड चुकवत नाहीत. त्यासाठी कंपनीत दोनदा आजी वारल्या आहेत.

काका लिफ्टमध्ये भेटले की परीक्षा सुरू. ‘पानिपत झालं तेव्हा वार कोणता?’ आपण तिसऱ्या मजल्याची वाट बघत गप्प. ‘बुधवार!’ काकाच गरजतात. ‘१४ जानेवारी १७६१. आजकालच्या पिढीला काही म्हणजे काही माहीत नाही हो!’ पुरंदरच्या तहात गेलेले तेवीस किल्ले ते एका दमात म्हणून दाखवतात. ते पुढे परत मिळाले, म्हणून सांगायला हुरूप येतो. पोरं हल्ली जिन्याने जातात. त्यांच्या तब्येती सुधारल्या, हे इतिहासाचं श्रेय नाकारता येणार नाही.

जुलै संपता संपता पहिल्या मजल्यावरच्या सातवीतल्या पोराने काकांना गाठलं. ‘काका, सेकंड ऑगस्टची छुट्टी कसली असते?’

‘मुक्तिदिन!’

‘कुणाची मुक्ती?’

‘आपली! १५ ऑगस्टला इंग्रज गेले ना, ते इकडे थोडे आधी निघाले. वापीहून गाडी पकडायची होती.’

‘पण इथे तर पोर्तुगीज होते.’

‘तेच ते. गोरेच.’

मला राहवलं नाही. म्हटलं, ‘काका, भारत स्वतंत्र झाला तरी दादरा नि नगर हवेली पुढची सात वर्षं पोर्तुगिजांकडेच होती. १९५४ च्या जुलैत गोवेकरांच्या एका गटाने या आपल्या दादऱ्याची पोलीस चौकी घेतली. फ्रान्सिस मस्करेन्हस त्यांचे पुढारी. चौकीवरचा फौजदार त्यात मारला गेला. मग नरोली, आणि २ ऑगस्टला सिल्वासा.’

‘दादऱ्यात?’ काकांनी पार्किंगकडे अशा नजरेने पाहिलं की जणू चौकी तिथेच, त्यांच्या गाडीखाली असावी. ‘इथे काय आहे? वनगंगा बाग. पिक्चरची शूटिंगं व्हायची म्हणतात.’

काकांना दादरा ते सिल्वासा रस्ता माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. मध्ये गुजरातचा पट्टा लागतो, आणि त्या पट्ट्याचं एकच कलम त्यांना पाठ आहे: डिकीत बाटली नको. गुजरातेत दारूबंदी, इथे नाही. रोज दोनदा ते तो पट्टा ओलांडतात. याच पट्ट्यावरून पोर्तुगालने भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं होतं, डिसेंबर १९५५ मध्ये. दमणहून हवेलीकडे जायचा आमचा हक्क भारताने अडवला, ही तक्रार. १९६० च्या एप्रिलमध्ये निकाल लागला: साध्या माणसांना, मुलकी अधिकाऱ्यांना, मालाला जायचा हक्क होता, सैन्याला आणि हत्यारी पोलिसांना नाही, आणि भारताने आपलं कर्तव्य मोडलेलं नाही. म्हणजे डिकीत काय असावं आणि काय नसावं, हाच वाद. काकांना सांगितलं तर म्हणाले, ‘तेव्हाही नाकाबंदी होती का?’

मधली गोष्ट तर कादंबरीवाल्यांनी अजून कशी सोडली कळत नाही. पोर्तुगीज गेले, पण हवेली लगेच भारतात आली नाही. सात वर्षं ती आपला आपण कारभार बघत होती, वरिष्ठ पंचायत वगैरे सगळं थाटात. शेवटी १९६१ साली विलीनीकरणाच्या करारावर नेहरूंच्या समोरच्या बाजूने सही करायला कुणीतरी हवं, म्हणून बदलानी नावाच्या आयएएस अधिकाऱ्याला एका दिवसापुरतं पंतप्रधान केलं. सातवीतला पोरगा एकदम खूश झाला. ‘म्हणजे अनिल कपूरसारखं?’ काकांनीही मान डोलावली. ‘नायक’ दोघांनाही पाठ होता.

तेवढ्यात काकांचा फोन वाजला. गीतरामायण.

‘काका, हे गाणारे २ ऑगस्टला इथे होते.’

‘कार्यक्रमाला?’

‘लढायला.’

सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे, राजा वाकणकर ही सगळी मंडळी ऐन पावसात सिल्वासात शिरली होती. हत्यारांना पैसा हवा, म्हणून बाबूजींनी आधी पुण्यात लता मंगेशकरांचा कार्यक्रम घडवून आणला. पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो खानवेलकडे हटला आणि ११ ऑगस्टला उदव्याला शरण आला. पुढच्याच वर्षी एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं. पुरंदऱ्यांचं शिवचरित्र काकांच्या देव्हाऱ्याशेजारी असतं. लेखक आपल्या ऑफिसच्या वाटेवर चिखल तुडवून गेला, हे कळल्यावर काका पायरीवर बसले. फोन वाजून वाजून बंद झाला. कंपनीचाच होता.

इथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण इतिहास सांगायला लागलं की माणसाला तोंड आवरत नाही. काकांच्या सहवासाचा परिणाम. पोराने विचारलं, ‘पण पोर्तुगिजांना हे मिळालं कसं?’ मी म्हटलं, ‘मराठ्यांनी दिलं. १७७२ साली आपल्या आरमाराने त्यांचं सांताना नावाचं जहाज धरलं. त्याच्या भरपाईसह १७७९ चा तह झाला. पेशव्यांनी बारा हजार रुपये वसुलाची गावं लावून दिली. नगर हवेली १७८३ साली, दादरा १७८५ साली. हेगलासुद्धा याच तहाचा कीस पाडला: नुसता वसूल दिला होता की राज्य? न्यायालय म्हणालं, नुसता वसूल.’

काका ताडकन उठले. ‘आपण दिलं? शक्यच नाही.’

‘पेशव्यांचा तह आहे, काका.’

‘बनावट असेल.’

‘हेगच्या कोर्टाने तो खरा मानला.’

‘मग कोर्टाची फसवणूक झाली.’ एवढं बोलून ते कंपनीला फोन लावत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला सोसायटीच्या ग्रुपवर भगवी झेंडी आणि सहा तलवारींसह मजकूर पडला. दादऱ्याच्या रणभूमीवर बाबूजींनी एका हातात तंबोरा आणि दुसऱ्या हातात तलवार घेऊन पाचशे पोर्तुगीज लोळवले. (तो सगळा मुलूख मुळात पोर्तुगिजांनी अमावास्येच्या रात्री कपटाने बळकावला होता.) खाली ठळक अक्षरांत: शाळेत हे शिकवत नाहीत! पुढे पाठवा! तासाभरात एकवीस अंगठे आले. त्यात माझ्या बायकोचाही होता.

संध्याकाळी मी काकांना जिन्यात अडवलं. ‘बाबूजी दादऱ्याला नाही, सिल्वासाला होते. आणि तंबोरा?’

‘तपशिलात कशाला शिरता? भावना पोचली ना?’

सातवीतला पोरगा मागेच उभा होता. ‘काका, अमावास्या कशाला? पेशव्यांनी सही केली होती ना?’

‘हे बघ, बाळा,’ काका त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘तुमच्या पुस्तकात सगळा चुकीचा इतिहास असतो.’

‘आमच्या पुस्तकात हे नाहीच आहे, काका.’

‘बघा!’ काका माझ्याकडे वळले. ‘मी काय लिहिलं होतं?’