आलं म्हणजे आलं!

बंदरातल्या जहाजांची ये-जा नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका सांगते : ‘आगमनाची वेळ, म्हणजे जहाज आल्याची वेळ.’ धन्य! पण आलं कधी म्हणायचं? बाहेर नांगर टाकला तेव्हा, बंदरात वाट दाखवणारा पायलट चढला तेव्हा, की धक्क्याला दोर आवळले तेव्हा? या फरकातल्या विलंबशुल्कावर वकिलांची घरं चालतात. पुस्तिका त्यावर गप्प. निळं बटण कुठे आहे ते मात्र सचित्र. शिवाय जहाजाची ओळख नि ठावठिकाणा प्रसारित करणाऱ्या एआयएस यंत्रणेवर दिसणारं गंतव्य बंदर जहाजावरचा अधिकारी हाताने टाइप करतो, जेमतेम २० अक्षरांत. आणि पोहोचण्याच्या अपेक्षित वेळेत महिना, दिवस, तास, मिनिटं असतात. वर्षाचा रकानाच नाही. तेव्हा ‘१५ जून, सकाळी ६’ हा वायदा कुठल्याही साली पाळला तरी जहाज वेळेवर!