दूध घाला, पैसे भरा

एका दूध संघाची कल्पना करा. गोठा सरकारी, वैरण सरकारी, गवळ्याचा पगारही सरकारी. गवळी पहाटे उठून धार काढतो, कॅन संघात नेऊन फुकट ओततो आणि वर दुधावरचा हक्कही संघाच्या नावे लिहून देतो. फॅट तपासायला दुसरे गवळी येतात, तेही फुकट. संघाने बोलावलं याचंच त्यांना अप्रूप, बायोडेटात तशी नोंद करतात. संघ पिशवी भरतो, तिच्यावर आपला छाप मारतो आणि त्याच सरकारी गोठ्याला चढ्या भावाने विकतो. असा संघ आपल्याकडे निघाला असता तर तिसऱ्या दिवशी हमरस्त्यावर दूध ओतलं गेलं असतं. संशोधनपत्रिकांच्या जगात मात्र याला प्रतिष्ठा म्हणतात, आणि एल्सेव्हियरसारखा प्रकाशक १०० रुपयांच्या विक्रीमागे ३५ हून अधिक रुपये कामकाजातला नफा कमावतो.

२००२ साली बुडापेस्टच्या जाहीरनाम्याने मुक्त प्रवेशाची, म्हणजे ओपन ॲक्सेसची, हाक दिली. इंटरनेटवर प्रत काढायला जवळपास काही लागत नाही, मग संशोधन कुलपात कशाला? प्रकाशकांनी आधी कुरकुर केली. पुढे ही कल्पना त्यांना इतकी पटली की त्यांनी तिचं दरपत्रकच छापलं. दूध आता सर्वांना फुकट, फक्त घालणाऱ्याने घालण्याचे पैसे भरायचे. ‘नेचर’ने २०२१ पासून एका मुक्त लेखासाठी ९,५०० युरो आकारायला सुरुवात केली. त्या वेळच्या भावाने हे आठ लाखांच्या वर जातात. तेव्हा आपल्या कनिष्ठ संशोधकाला महिना ३१,००० रुपये विद्यावेतन होतं; सव्वादोन वर्षं हवा खाऊन राहिला असता तर त्याचाही एक लेख मुक्त झाला असता. आणि लेख स्वीकारला की गल्ला वाजणार असेल, तर नाकारायचं कोणी? पाणी घातलेलं दूधही खपू लागलं. विद्यापीठांनी शिफारस केल्यामुळे यूजीसीच्या मान्यताप्राप्त यादीत आलेल्या १,००९ पत्रिका पुण्याच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी तपासल्या, त्याचा निष्कर्ष २०१८ मध्ये छापून आला: ८८ टक्के निकृष्ट. खोटा इम्पॅक्ट फॅक्टर मिरवणाऱ्याही त्यांत होत्या. यादी मात्र रीतसर मान्यताप्राप्त होती, याबद्दल वाद नाही.

पत्रिकांच्या महागाईवर आपण काढलेला तोडगा म्हणजे ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये ती मंजूर केली: ३० प्रकाशक, सुमारे १३,००० पत्रिका, तीन वर्षं, ६,००० कोटी रुपये. म्हणजे रोजचे जवळजवळ साडेपाच कोटी. हिला सरसकट उधळपट्टी म्हणणं अन्यायाचं होईल. ज्या सरकारी महाविद्यालयाच्या ग्रंथालयाला एका महागड्या पत्रिकेची वर्गणी झेपत नव्हती, तिथला विद्यार्थी आता दिल्लीच्या आयआयटीतला विद्यार्थी वाचतो तेच वाचू शकतो. हे थोडं नाही. पण योजनेच्या नावातच प्रामाणिकपणा आहे. ती वर्गणी आहे, मुक्ती नव्हे. कुलूप तसंच आहे, किल्ल्या घाऊक भावात घेतल्या आहेत. पहिल्या टप्प्यात त्या सरकारी संस्थांनाच मिळाल्या. विनाअनुदानित महाविद्यालयातली प्राध्यापिका, खासगी दवाखाना चालवणारा गडचिरोलीतला डॉक्टर, निवृत्त शास्त्रज्ञ, हे सगळे कर भरतात आणि फाटकाबाहेर उभे राहतात. याच योजनेत मुक्त पत्रिकांत लेख छापून आणण्यासाठी वर्षाला १५० कोटी वेगळे आहेत. वाचण्याचं बिलही आपलं, छापण्याचंही आपलंच. संघाला दोन्ही दारांनी पैसे मोजणारं इतकं गुणी गिऱ्हाईक सहसा मिळत नसेल.

प्रकाशक म्हणतात, संपादन, सर्व्हर, जतन यांना पैसा लागतो. लागतोच. किती, हा प्रश्न आहे. भौतिकशास्त्रज्ञ १९९१ पासून ‘आर्काइव्ह’वर आपले लेख ठेवतात; वाचणारा दमडी देत नाही, लिहिणाराही नाही. तिथे लेखांचं परीक्षण होत नाही, हा आक्षेप खरा. पण परीक्षक कुठेही असला तरी फुकटच राबतो, त्यामुळे महागाईचं खापर त्याच्या डोक्यावर फोडता येत नाही. शिवाय ब्राझीलने नव्वदच्या दशकातच सार्वजनिक पैशातून ‘सायेलो’ उभं केलं, त्यात परीक्षण झालेल्या पत्रिकाच आहेत. आपल्याकडेही जैवतंत्रज्ञान आणि विज्ञान-तंत्रज्ञान या दोन विभागांनी डिसेंबर २०१४ मध्ये धोरण काढलं: आमच्या पैशाने संशोधन केलंत, तर स्वीकृत लेखाची प्रत संस्थेच्या खुल्या भांडारात ठेवा. याला ना आठ लाख लागतात ना ६,००० कोटी. तरी भांडारं ओस, कारण बढतीच्या मुलाखतीत निवड समिती दूध चाखत नाही, पिशवीवरचा छाप बघते. छाप संघाकडे आहे तोवर गवळी कॅन घेऊन दुसरीकडे जाईल कशाला?

वर्गणीचा करार २०२७ अखेर संपतो. तोवर १ कोटी ८० लाख विद्यार्थी, प्राध्यापक आणि संशोधकांना रतीबाची सवय लागलेली असेल, आणि टेबलापलीकडे संघाचा माणूस नवं दरपत्रक घेऊन बसलेला असेल. गिऱ्हाईकाची ऐपत त्याला विचारावी लागणार नाही. गेल्या खेपेची पावती त्याच्या खिशात आहे.