भाडेवाढ, दीडपट वेगाने

टेकडीवर फिरायला येणाऱ्या आमच्या मंडळात सध्या ऑडिओबुकांचं वारं शिरलंय. गुडघे आणि गुंतवणूक हे दोन्ही विषय संपल्यावर माणसांनी बोलायचं तरी कशावर? या महिन्यात सगळ्यांच्या कानात मॅथ्यू डेझमंडचं 'इव्हिक्टेड' होतं. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात भाड्याच्या घरांतून बाहेर काढल्या जाणाऱ्या कुटुंबांची ही हकिगत. पुस्तक २०१६ सालचं, पुलित्झर २०१७चं.

अभिप्राय भरपूर आले. एकांच्या मते वाचणाऱ्या डिऑन ग्रॅहमचा आवाज भारदस्त आहे, पण रिकाम्या पोटी सोसत नाही. दुसऱ्यांनी सल्ला दिला, "वेग दीडपट करा, दुःख लवकर उरकतं." बँकेतून निवृत्त झालेल्या तिसऱ्यांना प्रश्न पडला, की ही माणसं बचत का करत नाहीत? मी त्यांना पुस्तकातल्या अर्लीनचा हिशेब ऐकवला: महिन्याची सरकारी मदत ६२८ डॉलर, भाडं ५५० डॉलर, पदरात दोन मुलं. त्यांनी चार पावलं विचार केला आणि म्हणाले, "छोटी का होईना, आरडी काढायला हवी होती."

मी मात्र हललो होतो. अर्लीनच्या मुलाने एका गाडीवर बर्फाचा गोळा मारला, गाडीवाल्याने चिडून घराचं दार लाथेने फोडलं आणि दार फुटलं म्हणून घरमालकिणीने या मायलेकरांनाच बाहेर काढलं! त्यात डेझमंडने सांगितलेली नैराश्याची गोष्ट वेगळीच. घर गेलेल्या आयांमध्ये ते इतर आयांपेक्षा जास्त आढळतं आणि वर्षं उलटली तरी निवत नाही. मी त्याच रात्री पाच तारे देऊन 'डोळे उघडणारं पुस्तक' असा अभिप्राय लिहिला. मग डोळे उघडेच असल्यामुळे एजंटला मेसेज केला, की धायरीच्या वन बीएचकेचं भाडं या खेपेला दहा टक्के वाढवायचं.

अकरा महिन्यांच्या करारासाठी अंगठा द्यायला भाडेकरूला मीच गाडीतून न्यायचं ठरलं. औदार्य दाखवायला दुसरी जागाही नव्हती. मुलगा सज्जन, मेडिकलच्या दुकानात कामाला. गाडी सुरू केली आणि ग्रॅहमसाहेब आदल्या दिवशी थांबले होते तिथून खणखणीत आवाजात सुरू झाले. दारात शेरीफची माणसं, सोबत हमाल. सामान ट्रकमध्ये टाकायचं की फुटपाथवर? ट्रक म्हटलं तर ते गोदामात जाणार आणि पैसे भरल्याशिवाय परत मिळणार नाही. आवाज बंद करायला गेलो आणि वायपर सुरू केले. लख्ख ऊन होतं.

"असू द्या काका," भाडेकरू म्हणाला, "चांगलं वाचतोय."

नवले पुलाला नेहमीप्रमाणे गाड्या तुंबल्या होत्या. आम्ही दोघांनी मिळून बरंचसं प्रकरण ऐकलं. नैराश्याचा भाग आला तेव्हा मी खिडकीबाहेरच्या होर्डिंगवरची नव्या स्कीमची जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचली.

"यातले घरमालक कसे आहेत?" त्याने विचारलं.

आता हा माझा आवडता भाग. मी शेरेनाची कैफियत मांडली. बिचारी पूर्वीची शिक्षिका, भाडेकरू पैसे थकवतात, वर दुरुस्त्यांची कटकट, एका बाईने काय काय बघायचं! बोलण्याच्या भरात, ती पुढे नवऱ्याबरोबर जमैकाला फिरायला जाते हेही सांगून बसलो.

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग अगदी आदराने म्हणाला, "तुम्ही परवाच कुर्गला जाऊन आलात ना काका?"

एजंटच्या ऑफिसात माझा अंगठा मशीन घेईना. बोटं पुसली, तेल लावून झालं, दुसऱ्या हाताचाही दिला. तेवढ्या वेळात भाडेकरूने शांतपणे माझ्याशी पाच टक्क्यांवर सौदा केला आणि बाथरूमच्या गळतीचं कलम करारात घालून घेतलं. ती गळती मला दोन पावसाळ्यांपासून 'बघायची' होती. मग अंगठा उमटला.

आता त्यानेही ते पुस्तक घेतलंय. दुकानात औषधं लावता लावता ऐकतो आणि अधूनमधून मला अभिप्राय पाठवतो. त्याला ग्रॅहम आवडतो. वेग मात्र तो वाढवत नाही.

बायकोला सगळं सांगितलं. तिने फरकाचे महिन्याचे रुपये गुणिले अकरा केले आणि म्हणाली, "उद्यापासून किशोरीताईंचं गाणं ऐका. त्यांनी आजवर आपलं भाडं कमी केलेलं नाही."