भांडणाची तयारी

समोरच्या ब्लॉकमधल्या चिरंजीवांची शुक्रवारी हिंजवडीत मुलाखत आहे. परवा रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन आला आणि म्हणाला, ''काका, मला जरा भांडण विचारा.''

हल्ली नोकरीसाठी भांडणाचीही तयारी करावी लागते. 'सहकाऱ्याशी मतभेद झाले तेव्हा काय केलंत?' 'अपयश आल्याचा एखादा प्रसंग सांगा.' कोडिंगच्या फेऱ्यांतून जो जिवंत बाहेर पडतो, त्याला एचआरच्या बाई हे विचारतात. उत्तराचा साचाही ठरलेला आहे. त्याला 'स्टार' म्हणतात. परिस्थिती काय होती, काम काय होतं, कृती काय केली, निष्पन्न काय झालं. इंग्रजी आद्याक्षरं जुळवली की स्टार होतो. मराठी जुळवली तर 'पकाकृनि', म्हणजे एखादं सरकारी महामंडळ.

मी भांडण विचारलं. चिरंजीव ताठ बसले. ''फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये माझा एक टीममेट वेळेवर काम देत नव्हता. मी त्याच्याशी शांतपणे बोललो, अडचण समजून घेतली, कामाची फेरवाटणी केली. प्रोजेक्ट दोन दिवस आधी सबमिट झाला.''

''मग तो मुलगा आता कुठे असतो?''

''कुठे असणार? यूट्यूबवर.''

मला एचआरच्या बाईंची दया आली. हा आळशी टीममेट त्यांना सकाळपासून नऊदा तरी भेटलेला असणार. दर वेळी सुधारतो, आणि तेही दोन दिवस आधी.

गंमत म्हणजे ही पद्धत निघाली ती थापांना आळा घालायला. 'अमुक झालं तर काय कराल?' असं विचारलं की जो तो संत होतो. त्यापेक्षा 'काय केलंत?' विचारा, कारण माणूस मागे वागला तसाच पुढे वागतो, असा हिशेब. टॉम जॅन्झ या मानसशास्त्रज्ञाने १९८२ साली या पद्धतीची ऐसपैस गप्पांच्या मुलाखतीशी तुलना केली आणि हीच सरस ठरली. पाठांतर नावाच्या भारतीय विद्येशी बहुधा त्याची गाठ पडली नसावी. अ‍ॅमेझॉन ज्यांवरून असे प्रश्न विचारतं, ती त्यांची जाहीर केलेली तत्त्वंच १६ आहेत. शिकवणारे सांगतात, प्रत्येकाला दोन किस्से तयार ठेवा. म्हणजे झाले ३२! बाविसाव्या वर्षी एवढं रामायण घडायला माणूस एसटीचा कंडक्टर तरी हवा.

स्वतःचा दोष सांगा म्हटलं, तर तोही स्थळ दाखवताना सांगतात तसा : मुलगी जरा जास्तच कामसू आहे हो.

या चिरंजीवांचं खरं चरित्र मला ठाऊक आहे. सलग तीन वर्षं तो आमच्या गणेश मंडळाचा खजिनदार आहे. गेल्या वर्षी डीजेवरून मंडळात दोन तट पडले. साउंडवाल्याला अ‍ॅडव्हान्स गेलेला आणि पाच जणांनी पावतीपुस्तकं आणून टेबलावर आपटलेली. याने दोन्ही तटांना भेळेवर बसवलं, पोलिसांच्या परवानगीपत्रातल्या अटी मोठ्यांदा वाचून दाखवल्या, साउंडवाल्याच्या दारात तीनदा जाऊन निम्मा अ‍ॅडव्हान्स सोडवून आणला आणि ढोल-ताशा पथक ठरवलं. हिशेब फलकावर लागला तेव्हा १७ रुपये जास्त निघाले. ते कुणाचे, हे तो अजून शोधतोय.

''अरे, हे सांग की!''

''काका, ते प्रोफेशनल वाटत नाही. आणि मी-मी काय करायचं? सगळ्यांनीच केलं ना.''

इथे घोडं अडतं. आपली टिमकी आपण वाजवू नये, चारचौघांत घरचं भांडण सांगू नये, हे आपणच त्याला वीस वर्षं शिकवलं. तिकडे खुर्चीतल्या बाई 'आम्ही' म्हटलं की थांबवतात आणि विचारतात, ''ते झालं, पण तुम्ही काय केलंत?'' पोरगा खऱ्या गोष्टीत 'मी' म्हणायला लाजतो आणि खोट्या गोष्टीत सहा वेळा म्हणतो. खोट्याची लाज वाटत नाही, कारण त्यातला 'मी' तो नसतोच.

शेवटी साडेअकरापर्यंत बसून आम्ही साउंडवाला पकाकृनित बसवला. १७ रुपये ठेवायचे की गाळायचे, यावरून आमच्यातच मतभेद झाले. ठेवले. यूट्यूबवरचं पान मात्र त्याने फाडलं नाही, म्हणाला, असू दे, वेळेला उपयोगी पडेल.

तेव्हा शुक्रवारी मुलाखती घेणाऱ्या बाईंना एकच विनंती. तो टीममेट दहाव्यांदा आलाच, तर त्याचं आडनाव विचारा.