रिस्टार्टचं बटण लांब ठेवा

व्हर्च्युअल मशीन सुरू केलं आणि अख्खा संगणक गोठला, की लॅबमध्ये पहिला हात पॉवरच्या बटणाकडे जातो. पंचनाम्याआधीच जागा धुऊन काढण्याचा हा प्रकार आहे. मग आठवडाभराने मशीन पुन्हा पडतं आणि हातात काहीच नसतं.

छत्रपती संभाजीनगरात अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, विद्यापीठाच्या आवारात नायलिटचं केंद्र आहे. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पेपरला बसणाऱ्या मुलांना डेडलॉकच्या चार अटी तोंडपाठ असतात. कर्नल पॅनिकचा पडदाभर मजकूर समोर आला, की त्यातली कुठली ओळ आधी वाचायची हे मात्र त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

पहिला प्रश्न सोपा आहे: पडला कोणता कर्नल? पाहुण्या, म्हणजे व्हर्च्युअल, मशीनचा पडला, तर तेवढंच मशीन जातं आणि त्याचे शेवटचे शब्द सिरियल कन्सोलवर पकडता येतात. यजमानाचा, म्हणजे खऱ्या संगणकाचा, पडला, तर त्याच्यावर चालणारं सगळं जातं. व्हर्च्युअल मशीन चालवण्यासाठी लिनक्समध्ये केव्हीएम फेब्रुवारी २००७ मध्ये २.६.२० आवृत्तीसोबत आलं, फ्रीबीएसडीत बीहाइव्ह जानेवारी २०१४ मध्ये १०.० सोबत. दोन्हींचा गाभा कर्नलच्या आत चालतो. तिथे चूक झाली तर सावरायला वर कुणी नसतं. म्हणून अशी सोय नवी असताना सावध राहायचं आणि तयारी आधीच करायची.

लिनक्समध्ये ही तयारी म्हणजे केडम्प. राखून ठेवलेल्या मेमरीत एक छोटा दुसरा कर्नल तयार असतो; मुख्य कर्नल पडताच तो उठतो आणि मेमरीची प्रत डिस्कवर उतरवतो. मग लॉगमधली शेवटची नव्हे, पहिली चूक शोधा. एका वेळी एकच बदल करा. मराठवाड्यातल्या मे महिन्यात पंखा धुळीने भरलेला असेल, तर नव्या कोडला दोष देण्याआधी तापमान पाहा आणि रात्रभर मेमरीची चाचणी लावा. जुनी आवृत्ती चालत होती, नवी पडते? मग गिट बायसेक्ट. प्रत्येक चाचणीत निम्मे बदल बाद होतात. हजार बदलांतून दोषी बदल साधारण दहा चाचण्यांत सापडतो. एवढं हाती असलं, की कर्नल लिहिणाऱ्यांना दुरुस्ती सुरू करता येते. अहवाल वाळूजमधून आला की बर्लिनमधून, याने त्यांना काही फरक पडत नाही.

हे शिकवायला महागडं यंत्र लागत नाही. लिनक्समध्ये एका ओळीच्या आदेशाने कर्नल मुद्दाम पाडता येतो, आणि व्हर्च्युअल मशीनच्या आत पाडला तर लॅबचं काहीच बिघडत नाही. विद्यापीठाने प्रात्यक्षिक परीक्षेत हेच करावं. मशीन पाडावं, डम्प विद्यार्थ्याच्या हाती द्यावा आणि विचारावं: का पडलं, पुराव्यासह सांग. गुण उत्तराला द्या, पाठांतराला नको.