फ्रीजचं तेरावं

आमचा फ्रीज गेला तो मे महिन्याच्या ९ तारखेला. अठरा वर्षं इमानेइतबारे सेवा करून गेला, त्यामुळे जाण्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार तारखेबद्दल होती. आणखी चार दिवस कळ काढली असती तर त्याचं काय बिघडलं असतं?

"आजच नवा मागवा," बायको म्हणाली.

"१३ तारखेला मागवू."

"का? पंचक लागलंय का?"

पंचक नव्हतं, बिलिंग सायकल होती. माझ्या कॅशबॅक कार्डाचं बिल दर महिन्याच्या १२ तारखेला निघतं आणि पुढच्या १ तारखेपर्यंत भरायचं असतं. म्हणजे ९ तारखेला घेतलेल्या वस्तूचे पैसे तीन आठवड्यांत द्यायचे. तीच वस्तू १३ तारखेला घेतली की ती पुढच्या महिन्याच्या बिलात जाते आणि जवळजवळ पन्नास दिवस बिनव्याजी मिळतात. शिवाय ऑनलाइन खरेदीवर ५ टक्के कॅशबॅक असला तरी त्याला महिन्याला १,००० रुपयांचं झाकण आहे. त्यातले ७०० आधीच पदरात पडले होते. २४ हजारांच्या फ्रीजवर ९ तारखेला फक्त ३०० मिळणार होते, १३ तारखेला पुरते हजार.

हे सगळं मी तिला वहीच्या पाठकोऱ्या पानावर आकृती काढून समजावलं. तिनं ते शांतपणे ऐकलं आणि फ्रीझरमधला आमरसाचा डबा बाहेर काढून टेबलावर ठेवला. पाच हापूसचा रस होता. दुपारपर्यंत तो पातळ झाला, संध्याकाळी आम्ही तो संपवायला बसलो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी डॉक्टरांकडे बसलो. त्यांची फी ५०० रुपये. आणि डॉक्टर रोखच घेतात.

नासलेलं दूध आणि आंबलेलं दही मिळून १८०. तिसऱ्या दिवशी बायकोनं "उरलेलं ठेवायला जागा नाही, मी स्वयंपाक करणार नाही" असं जाहीर केलं, त्या रात्रीचं हॉटेलचं बिल १,२६०. त्यावर दुकानातल्या खरेदीचा १ टक्का म्हणून १२ रुपये कॅशबॅक मिळाला, तो मी तिला मोबाइलवर आवर्जून दाखवला. पाण्याच्या बाटल्या शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या. त्या आणायला गेलो की शेजारचे काका दारातच विचारायचे, "काय, अजून मुहूर्त नाही का?"

१३ तारखेला सकाळी नवा फ्रीज मागवला. मी हिशेब मांडला. कॅशबॅकचे ७०० जादा, आणि २४ हजार रुपये महिनाभर जास्त बचत खात्यात राहिले त्याचं ३ टक्क्यांनी व्याज ५९ रुपये. एकूण ७५९. शेजारी बायकोनं तिचा आकडा लिहिला, १,९४०, आणि वही मिटली. "मेला नवमीला आणि तेरावं चार दिवसांत," एवढंच म्हणाली.

खरं तर हे कार्ड मला माझ्या भाच्यानं चिकटवलं. तो हिंजवडीत नोकरी करतो आणि कार्डावर जगतो. त्याचं तत्त्वज्ञान सोपं आहे: "मामा, पैसे तुम्ही तसेही खर्च करताच ना? मग थोडे परत का घ्यायचे नाहीत?" हे मला लगेच पटलं, कारण माझं बालपण मंडईत आईच्या पिशवीला धरून गेलं. भाजीचा भाव पाडणं हा तिचा छंद होता, पण आनंद मिळायचा तो बाईनं वर टाकलेल्या चार काड्या कोथिंबिरीचा. १९८६ साली अमेरिकेत सिअर्स या दुकानदार कंपनीनं डिस्कव्हर कार्ड काढलं आणि खर्चाचा काही भाग परत देण्याची टूम तिथे रुजवली, असं सांगतात. आमच्या मंडईतल्या बायका त्याच्या कितीतरी आधीपासून हे करत होत्या, तेही वार्षिक फी न घेता.

फक्त कोथिंबिरीला अटी नसतात. कार्डाबरोबर आलेलं पत्रक मी भिंग घेऊन वाचलं. पेट्रोल, विमा, घरभाडं, दागिने, शाळेची फी, वीजबिल यांवर कॅशबॅक नाही. म्हणजे मध्यमवर्गीय माणूस ज्या कारणांनी मध्यमवर्गीय राहतो, ती सगळी कारणं वगळून उरलेल्यावर ५ टक्के. त्यातही दुकानाच्या पाटीवर काय लिहिलंय याला अर्थ नाही, त्याच्या यंत्रात कोणता चार आकडी कोड आहे ते बघायचं. किराण्याचा ५४११, सोनाराचा ५९४४. हे आकडे मला आता पाठ आहेत. स्वतःच्या मुलीचा मोबाइल नंबर नाही.

तपकीर गल्लीत एकदा पंखा घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "कार्ड असेल तर २ टक्के वर लागतील." त्याला यंत्रासाठी कमिशन द्यावं लागतं आणि ते त्यानं स्वतःच्या खिशातून द्यायचं असतं, वगैरे मी त्याला सांगून पाहिलं. त्यानं पंखा परत खोक्यात घातला. १ टक्का मिळवायला २ टक्के द्यायचे, एवढं गणित मलाही येतं. रोख दिले.

पण गणित येऊनही माणूस फसतो. बिल विसरू नये म्हणून मी खात्यातून आपोआप पैसे जाण्याची सोय केली. दोन पर्याय होते, 'एकूण देय' आणि 'किमान देय'. किमान हा शब्द मला लहानपणापासून आवडतो. पहिल्याच महिन्यात १८,४०० च्या बिलापैकी ५ टक्के, म्हणजे ९२० रुपये गेले आणि बँकेचा धन्यवादाचा मेसेज आला. मी सुखात होतो. पुढच्या बिलात महिन्याला साडेतीन टक्क्यांनी व्याज, तेही शेवटच्या तारखेपासून नव्हे तर प्रत्येक वस्तू घेतल्या दिवसापासून. वर १८ टक्के जीएसटी. हजारावर रुपये. मधल्या काळात घेतलेल्या नव्या वस्तूंनाही बिनव्याजी सवलत नाही. त्या महिन्याचा कॅशबॅक होता २१४.

भाचा हे ऐकून इतका वेळ गप्प राहिला की मला फोन कट झाला असं वाटलं. मग म्हणाला, "मामा, बँक तुमच्यासारख्यांच्या जिवावर माझा कॅशबॅक देते." त्यानं स्वतः बसून सेटिंग 'एकूण' वर केलं. कार्डानं एटीएममधून पैसे काढायचे नाहीत, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर फी, हेही बजावलं. बिल भरायची शेवटची तारीख उलटल्यावर तीन दिवस तरी दंड लावता येत नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, असं मी म्हणालो. "ते तुम्ही ऐकलंच नाही असं समजा," तो म्हणाला.

तेव्हापासून मी दर महिन्याला पूर्ण बिल भरतो. अमेरिकेतल्या कार्डाच्या धंद्यात अशा गिऱ्हाइकाला 'डेडबीट' म्हणतात, म्हणजे चक्क बुडव्या. आमच्या घराण्यात वाण्याची उधारीसुद्धा कोणी महिन्यापलीकडे ठेवली नाही. मी पन्नाशीनंतर बुडव्या झालो, तेही पै न पै चुकती करून.

वार्षिक फीचं मात्र राहिलं होतं. ९९९ रुपये आणि जीएसटी, मिळून ११७९. वर्षात दोन लाख खर्च झाले तर माफ. अकराव्या महिन्यात माझे १,९१,००० झाले होते. म्हणून ९,४०० चा एअर फ्रायर आणला. तो सध्या माळ्यावर आहे. त्याबद्दल घरात बोलायचं नाही असं ठरलं आहे.

आज १० तारीख. कालपासून वॉशिंग मशीनमधून दगड फिरवल्यासारखा आवाज येतोय. मी काही बोललो नाही, फक्त कॅलेंडरकडे पाहिलं. बायकोनं मला पाहताना पाहिलं. ती उठली, न्हाणीघरात गेली आणि मशीनच्या झाकणावर हात ठेवून म्हणाली, "बाई गं, तीन दिवस कळ काढ."